गणिताची पेढी : शोध, किंमत आणि पत

परभणीच्या मोंढ्यातील बहुतेक पेढ्यांवर आज लाल चोपडीच्या शेजारी संगणक दिसतो आणि त्यात टॅली असते. दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा त्या संगणकालाही कुंकू लागते. टॅलीचा जन्म व्यापारी घरातच झाला, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्या आणि कारखान्यांना माल पुरवीत असत. आपल्या व्यवसायाला साजेसे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यांना बाजारात मिळेना. म्हणून गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते स्वतः लिहिले आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. पुढे २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. गरज पेढीची आणि तोडगाही पेढीवरच्या मुलाचा, असा हा सरळ व्यवहार होता.

याच व्यवसायाची दुसरी एक शाखा व्यापाऱ्याच्या नजरेस सहसा पडत नाही. ती म्हणजे गणिती संगणनाच्या सॉफ्टवेअरची. पूल किती भार पेलेल, विमान कंपनीने कोणते विमान कोणत्या मार्गावर पाठवावे, औषधाची मात्रा रक्तात किती वेळ टिकेल, वीज कोणत्या केंद्रातून कोठे न्यावी, या प्रश्नांची गणिते हजारो समीकरणांची असतात. ती सोडविणारी सॉफ्टवेअरे तयार करून विकणाऱ्या कंपन्या जगात थोड्याच आहेत. परंतु मोठमोठे उद्योग त्यांच्या उत्तरांवर विसंबून असतात.

अशा कंपनीचे नेतृत्व करणे सामान्य दुकानदारीपेक्षा अवघड असते. माल डोळ्यांना दिसत नाही. गणितातले सत्य कोणाच्या मालकीचे नसते. पहिली विक्री होण्यापूर्वी अनेक वर्षे बुद्धिमान माणसांना पोसावे लागते. शिवाय उत्तर बरोबर आहे की नाही, हे ग्राहकाला स्वतः पडताळता येत नाही; पडताळता आले असते तर त्याने सॉफ्टवेअर घेतलेच नसते.

या क्षेत्राच्या इतिहासात एक मराठी नाव अगदी मध्यभागी आहे. ते म्हणजे डॉ. नरेंद्र करमरकर. त्यांच्या शोधाने गणिती जग हलले. पण त्या शोधाच्या बळावर एका बलाढ्य कंपनीने मांडलेले दुकान चालले नाही. त्याच काळात कोणताही खळबळजनक शोध हाती नसलेल्या दोन लहान पेढ्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या झाल्या. असे का घडले, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे.

मिश्रणाचा हिशेब

आधी करमरकरांचा प्रश्न पाहू. तो परभणी जिल्ह्याच्या मातीतलाच आहे.

एका व्यापाऱ्याला पशुखाद्य तयार करायचे आहे. त्यात १८ टक्के प्रथिने हवीत. सोयाबीनच्या पेंडीत ढोबळमानाने ४५ टक्के प्रथिने असतात, मक्यात ९ टक्के. पेंड महाग, मका स्वस्त. १०० किलोत पेंड किती घालावी? उत्तर तोंडी निघते : २५ किलो पेंड आणि ७५ किलो मका. पेंड याहून अधिक घातली तर पैसा वाया जातो आणि कमी घातली तर जनावराच्या पोटात फसवणूक जाते.

आता सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, तूरचुनी, गूळमळी, क्षारमिश्रण असे दहा-बारा घटक घेऊ. प्रत्येकाचा भाव रोज बदलतो. प्रथिनांबरोबर तंतू, स्निग्धांश, कॅल्शियम यांच्याही मर्यादा पाळायच्या आहेत. त्यातच सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड येथून माल आणायचा आणि पाथरी, पूर्णा, पालमला पोहोचवायचा, तर गाड्यांचे भाडेही कमीत कमी हवे. इतक्या अटी सांभाळून सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, हे तोंडी सांगणे अनुभवी मुनिमालाही शक्य नाही. या प्रकारच्या गणिताला रेषीय आयोजन म्हणतात.

मिश्रणाच्या गणिताची परंपरा या भूमीला नवी नाही. नवव्या शतकात, सुमारे इ.स. ८५० मध्ये, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, मराठवाड्याच्या सीमेपासून दूर नाही. या ग्रंथात ‘मिश्रकव्यवहार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात व्याज, भागीदारी, सोन्याच्या कसाची मिसळ असे व्यापाऱ्याचेच प्रश्न आहेत. हा ग्रंथ १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केला. बाजारातला व्यवहार आणि उच्च गणित यांच्यात आचार्यांनी भिंत घातली नव्हती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

आधुनिक काळात अशा प्रश्नांची पहिली व्यवहार्य रीत अमेरिकेच्या जॉर्ज डँझिग यांनी १९४७ मध्ये शोधली. ती ‘सिम्प्लेक्स’ म्हणून ओळखली जाते. तिची कल्पना सोपी आहे. सगळ्या अटी पाळणाऱ्या पर्यायांची मिळून एक अनेक कोपऱ्यांची आकृती होते, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी. सर्वोत्तम पर्याय त्या आकृतीच्या कोणत्या तरी कोपऱ्यावर सापडतोच. सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, अधिक चांगल्या कोपऱ्यावर जात राहते. व्यवहारात ती उत्तम चालते. परंतु कोपऱ्यांची संख्या अफाट असू शकते आणि वाईट प्रसंगी हा प्रवास कल्पनेपलीकडे लांबू शकतो. सोव्हिएत गणिती खाचियान यांनी १९७९ मध्ये असे लांबणे टाळणारी रीत सिद्ध केली. पण प्रत्यक्ष वापरात ती फार संथ ठरली.

करमरकरांचा शोध

नरेंद्र करमरकर यांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये ते विद्युत अभियंता झाले. पुढे कॅलिफोर्नियात शिक्षण घेऊन १९८३ मध्ये बर्कले विद्यापीठात रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि ते एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

१९८४ मध्ये त्यांनी आपली नवी रीत प्रसिद्ध केली. कडेकडेने फिरण्याऐवजी आकृतीच्या अंतर्भागातून थेट वाट काढायची, हा तिचा गाभा. प्रत्येक टप्प्यावर आकृतीला असा आकार द्यायचा की आपण जणू तिच्या मधोमध उभे आहोत, मग उत्तराच्या दिशेने लांब पाऊल टाकायचे आणि पुन्हा तेच करायचे. ही रीत सैद्धांतिक कसोटीला उतरली आणि मोठ्या प्रश्नांवर वेगवान असल्याचाही दावा झाला. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या पद्धतीला वृत्तपत्राचे पहिले पान मिळणे, ही दुर्मिळ गोष्ट होती. तेव्हा करमरकर तिशीच्या आत होते. पुढे १९८८ मध्ये त्यांना फुल्कर्सन पारितोषिक आणि २००० चे पॅरिस कॅनेलाकिस पारितोषिक मिळाले.

८९ लाख डॉलरची पेटी

इतका मोठा शोध हाती आल्यावर एटी अँड टीने दोन निर्णय घेतले. पहिला, मालकीचा. कंपनीने पेटंटसाठी १९८५ मध्ये अर्ज केला आणि १९८८ मध्ये ते मिळाले. रीत संगणकावर नेमकी कशी उतरवली, याचे बारकावे सुरुवातीला बाहेर सांगितले गेले नाहीत. त्यामुळे वेगाचा दावा इतरांना तपासता येईना आणि गणिती जगतात नाराजी पसरली. त्याच सुमारास दोन गोष्टी उघड झाल्या. १९८६ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की, ही रीत आणि १९६० च्या दशकातील एक जुनी ‘अडथळा’ पद्धत यांच्यात जवळचे नाते आहे. तसेच सोव्हिएत गणिती डिकिन यांनी १९६७ मध्येच या रीतीसारखी एक सोपी पद्धत छापली होती. करमरकरांच्या सिद्धतेचे मोल याने कमी झाले नाही. परंतु मालकीची भिंत किती उंच बांधावी, हा प्रश्न उभा राहिला.

दुसरा निर्णय किमतीचा. कंपनीने ही रीत एका खास बहुप्रक्रियक संगणकासह एकत्र बांधली, तिला ‘कॉर्बेक्स’ नाव दिले आणि १९८८ मध्ये ती बाजारात आणली. किंमत होती ८९ लाख डॉलर. पहिला ग्राहक अमेरिकेचे संरक्षण खाते. लष्करी विमानांच्या वाहतुकीसारखा अवाढव्य प्रश्न ज्याच्यापुढे आहे, त्यालाच ही किंमत परवडण्यासारखी होती. असे ग्राहक जगात बोटांवर मोजण्याइतके. कॉर्बेक्स मोजक्याच ठिकाणी गेले आणि व्यवसाय म्हणून ते टिकले नाही.

व्यापाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर चूक लक्षात येते. ग्राहकाला हवे होते उत्तर. त्याला विकले गेले यंत्र. त्याच वर्षांत टेबलावरचे संगणक दर वर्षी स्वस्त आणि वेगवान होत होते. ज्या मालाचे वाहन रोज स्वस्त होते आहे, त्याला सोन्याच्या गाडीत बांधून विकले तर गिऱ्हाईक थांबते आणि उद्याची वाट पाहते. आणखी एक गोष्ट म्हणजे शोध करमरकरांचा, मालकी कंपनीची आणि विक्रीचे धोरण तिसऱ्याच विभागाचे होते. शोध लावणारा, तो विकणारा आणि त्याची जोखीम घेणारा, या तिघांचा हिशेब एका वहीत नव्हता.

ह्यूस्टनच्या प्राध्यापकाची लहान पेढी

याच काळात ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट बिक्स्बी यांनी जुन्या सिम्प्लेक्स पद्धतीचाच एक कार्यक्रम सी या संगणकभाषेत नीटनेटका लिहिला होता. १९८७ मध्ये त्यांनी दोन भागीदारांसह कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी ‘सीप्लेक्स’ बाजारात आले. त्यांच्याकडे खास यंत्र नव्हते आणि वृत्तपत्राचे पहिले पानही नव्हते. ग्राहकाच्या कार्यालयात जो संगणक असेल त्यावर चालणारे आणि ग्राहकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये आतून बसविता येणारे असे ते साधन होते. विमान कंपन्या, तेल शुद्धीकरण कारखाने, वाहतूकदार यांनी ते आपापल्या व्यवस्थेत बसवून घेतले.

बिक्स्बींनी एक शिस्त पाळली. ग्राहकांकडून आलेले प्रत्यक्ष प्रश्न जमवायचे आणि नवी आवृत्ती त्या सर्व प्रश्नांवर तपासल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. स्पर्धकाच्या पद्धतीचा त्यांनी तिटकाराही केला नाही. करमरकरांच्या शोधाने जी अंतर्भागातून जाण्याची वाट खुली केली, तिच्यावर पुढे अनेकांनी काम केले आणि १९९० च्या दशकात ती सीप्लेक्समध्येही दाखल झाली. बिक्स्बींनी नंतर केलेल्या हिशेबानुसार १९८८ ते २००४ या काळात रेषीय आयोजनाचे गणित यंत्रांच्या वेगामुळे सुमारे १,६०० पट आणि केवळ गणिती सुधारणांमुळे सुमारे ३,३०० पट जलद झाले. दोहोंचा गुणाकार ५२ लाखांच्या वर जातो. यंत्रापेक्षा विद्येचा वाटा मोठा होता, असे हा आकडा सांगतो.

सीप्लेक्स १९९७ मध्ये आयलॉग या फ्रेंच कंपनीने घेतली आणि २००९ मध्ये आयलॉग आयबीएमकडे गेली. त्याआधीच, २००८ मध्ये, बिक्स्बींनी दोन जुन्या सहकाऱ्यांसह ‘गुरोबी’ ही नवी कंपनी उभारली आणि तीही या क्षेत्रात अग्रगण्य ठरली. पेढी विकली तरी पेढी चालविण्याची विद्या विकली जात नाही, हे त्यांनी दाखविले.

विद्यार्थ्यांसाठी केलेले साधन

दुसरी पेढी मॅथवर्क्स. तिचे ‘मॅटलॅब’ हे सॉफ्टवेअर देशातील असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविले जाते. त्याचा उगम अगदी साधा आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांना वाटे की, आपल्या विद्यार्थ्यांनी मोठी समीकरणे सोडवावीत, पण त्यासाठी आधी फोर्ट्रान भाषेत लांबलचक कार्यक्रम लिहिण्याचा त्रास त्यांना नसावा. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कोष्टकांवर गणित करणारे एक सुटसुटीत साधन लिहिले आणि मागेल त्याला फुकट दिले.

मोलर १९७९ मध्ये स्टॅनफर्डला शिकवीत असताना हे साधन तेथील विद्यार्थ्यांमार्फत जॅक लिटल नावाच्या तरुण अभियंत्यापर्यंत पोहोचले. यंत्रांच्या नियंत्रणाचे काम करणाऱ्या अभियंत्यांना याची गरज आहे, हे लिटल यांनी ओळखले. वैयक्तिक संगणक नुकतेच आले होते. त्यांनी नोकरी सोडली, एक संगणक विकत घेतला आणि मोलर यांच्या संमतीने सारे साधन सी भाषेत नव्याने लिहायला घेतले. स्टीव्ह बँगर्ट हे सहकारी फावल्या वेळात मदत करीत. डिसेंबर १९८४ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. करमरकरांची बातमी पहिल्या पानावर आली, त्यानंतर काही आठवड्यांनी. तिची दखल तेव्हा कोणी घेतली नाही.

पहिली विक्री फेब्रुवारी १९८५ मध्ये झाली. एमआयटी या संस्थेने दहा प्रती ५०० डॉलरना घेतल्या. म्हणजे प्रत्येकी ५० डॉलर. कॉर्बेक्सच्या ८९ लाखांशेजारी हा आकडा ठेवून पाहिला तर दोन धोरणांतले अंतर कळते. जो विद्यार्थी आज या साधनावर शिकेल, तो उद्या नोकरीत गेल्यावर तेच साधन मागेल, हा मॅथवर्क्सच्या व्यापाराचा पाया होता. मोंढ्यात नव्या शेतकऱ्याला पहिल्या वर्षी सांभाळून घेणारा अडत्या हेच करतो. त्याची नजर त्या एका हंगामाच्या अडतीवर नसते.

कंपनी वाढली तरी ती शेअर बाजारात गेली नाही. आजही ती खासगी मालकीची आहे, लिटल तिचे प्रमुख आहेत आणि कर्मचारी सहा हजारांहून अधिक आहेत. बाहेरचे भागधारक नसल्याने दर तीन महिन्यांनी नफा दाखविण्याची घाई नसते आणि दहा वर्षांनी उपयोगी पडेल अशा कामावर आज खर्च करता येतो. घरच्या भांडवलावर चालणाऱ्या पेढीला हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

या क्षेत्रातील तिसरे मोठे नाव स्टीफन वुल्फ्रम. तरुणपणी कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेत असताना त्यांनी गणिताचे एक सॉफ्टवेअर तयार केले होते; त्याच्या मालकीवरून संस्थेशी मतभेद झाले आणि ते तेथून बाहेर पडले. पुढे १९८७ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि २३ जून १९८८ रोजी ‘मॅथेमॅटिका’ बाजारात आणले. त्यांनीही कंपनी खासगी ठेवली आणि नेतृत्व स्वतःकडे राखले. बुद्धीच्या व्यवसायात हक्क कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे, हा धडा त्यांना पहिल्याच अनुभवातून मिळाला होता.

पतीची कसोटी

हिशेबाच्या धंद्यात सर्वांत मोठे भांडवल पत. त्याची कसोटी १९९४ मध्ये लागली. व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या संगणकाचे उत्तर बारीक दशांशात चुकत असल्याचे आढळले. अनेक महिने पडताळून त्यांनी ३० ऑक्टोबर रोजी ही गोष्ट इतरांना कळविली. दोष इंटेल कंपनीच्या नव्या पेंटियम चिपमध्ये होता. उदाहरणार्थ, ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे. ही चिप १.३३३७४ सांगे. चौथ्या दशांशस्थळी चूक!

इंटेलने आधी सांगितले की, सामान्य माणसाला ही चूक क्वचितच भेटेल, आणि चिप बदलून हवी असेल तर ग्राहकाने गरज सिद्ध करावी. ग्राहक खवळले. २० डिसेंबर रोजी कंपनीला मागेल त्याला चिप बदलून देण्याची घोषणा करावी लागली आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

मॅथवर्क्सचा यात काहीही दोष नव्हता. तरीही मोलर यांनी इतर तज्ज्ञांबरोबर रात्रंदिवस बसून असा उपाय शोधला की, सदोष चिपवरही भागाकार बरोबर व्हावा. भागाकार धोक्याच्या आकड्यांचा असेल तर दोन्ही संख्यांना आधी एका विशिष्ट अपूर्णांकाने गुणायचे, म्हणजे उत्तर तेच राहते आणि दोषाची जागा टळते. कंपनीने हा उपाय घातलेली आवृत्ती ग्राहकांना दिली. दुसऱ्याच्या वजनात खोट असताना आपला तराजू सुधारून देणारा दुकानदार गाव विसरत नाही. मॅटलॅबचे नाव अनेकांनी तेव्हा प्रथम ऐकले.

इंटेलसारख्या कंपनीत बुद्धिमान माणसांची वाण नव्हती. फरक पडला तो नेतृत्वाने आधी कोणता प्रश्न विचारला यामुळे. एकाने विचारले, ही चूक कितीजणांच्या लक्षात येईल? दुसऱ्याने विचारले, उत्तर बरोबर कसे येईल?

पुण्यातील प्रयत्न

करमरकर नंतर भारतात परतले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते, तर २००६-०७ या काळात टाटा समूहाच्या अध्यक्षांचे शास्त्रीय सल्लागार. त्या सुमारास टाटा सन्सने पुण्यात कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ही कंपनी स्थापन केली होती. करमरकर पुढे या कामापासून वेगळे झाले. कंपनीने उभारलेला ‘एक’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिते करण्याचा वेग त्याने नोंदविला. सरकारी निधीविना, खासगी भांडवलावर भारतात असे यंत्र उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट होती. परंतु यंत्र जुने होते. त्याच्यासाठी वर्षानुवर्षे पैसे देणारे ग्राहक लागतात. २०१२ मध्ये ही कंपनी टाटांच्याच टीसीएसमध्ये गेली.

पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअर कंपन्या पुष्कळ आहेत. मात्र मॅटलॅब किंवा सीप्लेक्सच्या तोडीचे, जगभर विकले जाणारे गणिती सॉफ्टवेअर महाराष्ट्रातून अजून निघालेले नाही. बुद्धी होती, हे करमरकरांनी दाखविले. यंत्र उभारता येते, हे पुण्याने दाखविले. उणीव राहिली ती शोध आणि ग्राहक यांच्यामध्ये पंधरा-वीस वर्षे धीराने बसणाऱ्या पेढीची. आणि धीराने पेढीवर बसण्याची विद्या ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, ती कुटुंबे या क्षेत्राकडे फारशी वळलेली नाहीत.

जिल्ह्यातील तरुणांसाठी

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी गणितात हुशार असली की, सनदी लेखापाल किंवा अभियंता हे दोनच मार्ग डोळ्यांसमोर येतात. दोन्ही उत्तमच. तिसरा मार्गही आहे आणि त्याचा आरंभ करायला परगावी जावे लागत नाही, मोठे भांडवलही लागत नाही.

मॅटलॅबचे परवाने महाग असतात. शिवाय परक्या साधनावर पूर्ण विसंबण्याचा धोका २०२० मध्ये चीनने अनुभवला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हार्बिनच्या तंत्रशास्त्र संस्थेचा मॅटलॅबचा वापर एकाएकी बंद झाला. म्हणून मुक्त साधनांचे महत्त्व वाढले आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले ‘सायलॅब’ आणि ‘ऑक्टेव्ह’ ही साधने कोणालाही विनामूल्य मिळतात. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या साहाय्यावर ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यात देशभरातील विद्यार्थ्यांनी शेकडो पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये उतरवली आणि त्याबद्दल त्यांना मानधनही मिळाले. याच प्रवाहातील ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतही आहेत. परभणीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या साध्या संगणकावर ते ऐकून पहिली पावले टाकता येतात.

ग्राहक शोधायलाही दूर जायला नको. जिनिंग कारखान्यात कोणत्या प्रतीचा कापूस किती मिसळावा, पशुखाद्याचे स्वस्तात स्वस्त पण कसदार मिश्रण कोणते, डाळमिलचा माल कोणत्या बाजारपेठेत कधी पाठवावा, हे सारे रेषीय आयोजनाचेच प्रश्न आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ याच शहरात आहे. वडिलांच्या पेढीचा खरा प्रश्न घेऊन तो मुक्त साधनावर सोडविणे, मग शेजारच्या दोन पेढ्यांचा सोडविणे, आणि चूक निघाली तर ती आधी आपण सांगणे, एवढ्यावर एक लहान व्यवसाय उभा राहू शकतो. टॅलीही अशीच सुरू झाली होती.

वडीलधाऱ्यांनी मात्र या दुकानाचा हिशेब एका दिवाळीला मागू नये. मोलर यांनी साधन लिहिल्यानंतर पहिली विक्री व्हायला पाच-सहा वर्षे लागली. त्या काळात लिटल यांच्याकडे दाखविण्यासारखा गल्ला नव्हता. होते ते एक चालते साधन आणि त्याचा उपयोग कोणाला होईल याची पक्की जाण. मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाऊ म्हणाली, तर घराने पहिल्या वर्षी तीन गोष्टी विचाराव्यात : तुझा पहिला ग्राहक कोण, तुझे उत्तर तू कशावर तपासतोस किंवा तपासतेस, आणि केलेल्या कामाची मालकी कागदावर कोणाच्या नावाने आहे. या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली, तर पुढची काही वर्षे घरच्या भांडवलातून काढायला हरकत नाही.